खांद्यावरची थाप

"माझी चूक आहे, सर," असं दाराआडून कुणीतरी म्हणालं आणि तिच्या हातातला चहा बशीत हिंदकळला. दार सर्वेक्षण विभागाचं, अर्धवट लोटलेलं. ती नुसती तिथून चालली होती, कँटीनमधून आपल्या खोलीकडे, रोजच्यासारखी. आवाज मोठा नव्हता. त्यात रडं नव्हतं, गुर्मी नव्हती, आणि 'पण' तर नव्हताच. हरवलेल्या सामानाच्या टेबलावर एखाद्यानं आपली छत्री ओळखावी आणि हात पुढे करावा, तसा तो आवाज होता: माझी आहे, द्या इकडे. क्षणभर तिला वाटलं, आत दादाच उभा आहे. तेरा-चौदा वर्षांचा, कान लालभडक, हात पाठीमागे, वडिलांच्या खुर्चीसमोर. मग तिनं स्वतःलाच दटावलं. दादा साठीला आला. आत्ता तो तिच्याच घरात खिडकीपाशी बसून तो मेला रेडिओ उघडून ठेवत असेल. तरी पाय पुढे पडेना. बशीतला चहा अंगठ्यावर आला, चटका बसला, आणि बसला हेही तिला जरा उशिरानंच कळलं.

आत होते ते तोफखाने. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव हजेरीपटावर होतं, पण अठरा वर्षं तोफखान्यात काढलेला माणूस दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पोराटोरांच्या बाकावर येऊन बसला, तेव्हा पोरांनी पहिल्याच आठवड्यात बारसं उरकून टाकलं: तोफखाने काका. त्यांनीही ते निमूट लावून घेतलं. त्यांना भूमापनाची पदविका हवी होती. फौजेत तोफा कुठे ठेवायच्या ते मोजून द्यायचे; आता म्हणत होते, "मॅडम, तेच काम करायचंय, फक्त या वेळी मोजल्या जागेवर काहीतरी उभं राहिलेलं बघायचंय." असलं बोलून झालं की स्वतःच लाजायचे आणि बूट पुसायला घ्यायचे.

अशी माणसं तिच्या वाट्याला आली होती ती तिनं मागितली म्हणून नव्हे. ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यात तिची निम्मी नोकरी गेली. मग कॉलेजला वरून आदेश आला की फौजेतून परतलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक साहाय्य कक्ष हवा. प्राध्यापकांपैकी कुणालाच ते लचांड नको होतं. "बाई, तुमच्या घरात आहे ना कुणीतरी फौजेतलं?" प्राचार्यांनी विचारलं, आणि झाली नेमणूक. खोली म्हणजे आधीची खेळाच्या सामानाची कोठी. भिंतींना अजून जुन्या चामडी चेंडूंचा वास येतो. दारावरची पाटी इतक्या लांब नावाची की ती सरळ मावली नाही, तिरकी ठोकली, एक टोक खाली वाटेत आलं. उंच माणसाच्या कपाळाला लागायचं. पहिले काही महिने तिनं येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "काही अडचण?" आणि प्रत्येकानं सांगितलं, "नाही मॅडम." वर्गात मागे पडलेला, घरी बायकोशी अबोला धरलेला, वर्गातल्या पोरांच्या हसण्यानं कानकोंडा झालेला, सगळे एका सुरात नाही मॅडम. मग तिनं विचारणं सोडलं. खिडकीखाली एक टेबल टाकलं, किटली ठेवली, आणि आपण आपलं काम करत बसू लागली. हळूहळू ते येऊन बसू लागले. एकमेकांना अपूर्णांक शिकवू लागले. "अरे, तीन चतुर्थांश म्हणजे तुझं डोकं, चौथा भाग कुठे गेला ते विचारू नकोस," असं चालायचं. मदत ही अशीच तिरकी करावी लागते, हे तिला पुस्तकांच्या पुठ्ठ्यांनी शिकवलं होतं. खळ लावून झाली की हात काढून घ्यायचा. दाबत बसलं की कागद सुरकुततो.

पण त्या दिवशी तिनं दाबलं. सर्वेक्षणाच्या सरांना तिनं कॉरिडॉरमध्ये गाठलं, तेव्हा ते भिंतीला टेकून उभे होते. मैदानावरच्या प्रात्यक्षिकात कोन मोजायचं यंत्र पडलं होतं, कॉलेजातलं सगळ्यात चांगलं. एका जागेचं मोजमाप संपलं, तोफखान्यांनी तिपाई यंत्रासकट खांद्यावर घेतली, आणि यंत्र वरून सुटून दगडावर. यंत्र तिपाईला धरून ठेवणारा मधला स्क्रू कसलेला नव्हता. "पहिल्या दिवशी शिकवतो मी हे, बाई," सर म्हणाले. "आधी स्क्रू, मग खांदा. यांना तर मी शिकवायचीही गरज नव्हती." ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचा आवाज आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा उतरला. "अशा माणसाच्या हातून हे होतं म्हणजे आत काहीतरी... तुम्हाला कळतंय ना? कुठे कुठे काय काय पाहिलेलं असतं यांनी. आपण जपायला हवं. मी प्राचार्यांशी बोललोय. मैदान बंद करू त्यांचं. नकाशांच्या खोलीत बसवू. पंखा आहे, शांतता आहे." मैदानाशिवाय पदविका नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. उद्या सकाळी प्राचार्यांकडे निर्णय. आणि तीच चूक गटातल्या दुसऱ्या कुणाची असती तर? "तर काय," सर म्हणाले, "पुन्हा प्रात्यक्षिक. पोरं आहेत. पाडणारच."

म्हणजे पोरांनी पाडलं तर ती चूक, आणि यांनी पाडलं तर तो आजार. आपल्या खोलीत येऊन ती गार चहापुढे बसली आणि तिच्या मनात एक गोष्ट लख्ख झाली, इतकी लख्ख की तिला त्या लख्खपणाचाच संशय यायला हवा होता. यंत्र त्यांनी पाडलंच नाही. म्हणजे खांद्यावरून पडलं हे खरं, पण स्क्रू सैल ठेवला दुसऱ्या कुणी. त्यांनी अंगावर घेतलं. हा आवाज ती ओळखत होती. या आवाजाबरोबरच ती लहानाची मोठी झाली होती. त्यांच्या घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं की वडील खुर्चीतून न उठता एकच शब्द विचारत: "कुणी?" आणि दादा म्हणे, "मी." धाकट्या भावानं काच फोडली तरी मी. मांजरानं दूध सांडलं तरी मी. एकदा वाऱ्यानं कुंडी पडली, तेव्हाही हा पुढे, वडीलसुद्धा गोंधळले, म्हणाले, "अरे, तू घरात नव्हतास." "तरी," दादा म्हणाला. त्या 'तरी'वर घर किती वर्षं हसलं. आई म्हणायची, या पोरानं पुढच्या जन्माचाही मार आगाऊ खाऊन ठेवलाय. मग हा फौजेत गेला, ड्रायव्हर झाला, आणि पस्तिशी उलटायच्या आत परत आला. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी उलटली होती. मागे बसलेला एकजण गेला. चौकशी झाली, दादानं तिथेही म्हटलं, मी. आणि घरी पाठवला गेला. घरानं ते ऐकलं आणि घराला काही कोडं पडलंच नाही. ब्रेक आधीच गेलेले असणार. मेकॅनिकनं तपासले नसणार. त्या मेकॅनिकला बायकोपोरं असणार. आमच्या मुलानं दुसऱ्याचं अंगावर घेतलं, दुसरं काय! आई येईल त्या पाहुण्याला हे सांगायची, शेवटी शेवटी तर त्या मेकॅनिकच्या पोरांची वयंसुद्धा सांगायची. ते सुरू झालं की दादा उठून आत जायचा. किती विनयी, पाहुणे म्हणायचे. आत तो काय करायचा हे कुणी पाहिलं नाही. नळ सोडल्याचा आवाज यायचा.

तिनं गटातल्या मुलीला बोलावून घेतलं. ही मुलगी सतत बोलायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तोफखान्यांच्या गटात ती होती आणि दिवसभर "काका, हे असं का, काका, ते तसं का" करत त्यांच्याभोवती उड्या मारायची. आज मात्र ती दाराच्या चौकटीला नखानं खरवडत उभी राहिली. "स्क्रू कुणी लावला होता?" तिनं विचारलं. "आठवत नाही मॅडम. काका वाकलेले होते. मी वही गोळा करत होते. मग मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली, चला काका, ऊन लागतंय म्हटलं, आणि ते उठले." "तू हात लावला होतास का यंत्राला?" मुलीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काय लिहिलेलं होतं ते त्या पोरीला चष्म्याविना वाचता आलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "लावला असेन. मीच सांगते ना उद्या, माझी चूक. मला काय, परत प्रॅक्टिकल. काकांचं सगळंच जाईल." "पण झाली का तुझ्या हातून?" "झाली असेलही. मी काय काय पाडते ते सगळ्यांना माहितीये." इथे आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. तो तिच्या जिभेवर आला, आणि तिनं तो गार चहाबरोबर गिळला.

संध्याकाळी घरी दादा खिडकीपाशीच होता. रेडिओ पाठीवर पडलेला, पोट उघडं, आतल्या तारा बाहेर. हा रेडिओ वर्षातून दोन-तीनदा बिघडतो, का दादा तो बिघडवतो, हे तिच्या नवऱ्याला मरेपर्यंत कळलं नाही आणि तिलाही कळलेलं नाही. तिनं त्याला सगळं सांगितलं, उत्साहानं, हातवारे करून. ती लहान असताना शाळेतलं सांगायची तसं. दादानं एकच विचारलं, "तो काय म्हणतो?" "तो? तो म्हणणारच, माझी चूक." "मग?" "मग काय, दादा! तुला तरी सांगायला लागावं? तुम्ही लोक दुसऱ्याचं ओढून घेता अंगावर. तुझ्यावरून तर मी ओळखलं." दादानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तो घरंगळत टेबलाच्या कडेशी गेला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. तो पडला नाही. "जेवून घे," तो म्हणाला, आणि आत गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. आज तो आवाज तिला नको इतका ओळखीचा वाटला. ती उठून दारापर्यंत गेलीही. आत दादा नळाखाली काहीच धूत नव्हता. दोन्ही हात पाण्यात नुसते धरून उभा होता. ती पाऊल न वाजवता परत आली आणि ताटं घेतली.

सकाळी ती खोली उघडते आहे तोवर तोफखाने पाटीखाली वाकून आत आले. बूट चकचकीत, पण दाढी करताना हनुवटीला कापलेलं. ते बसले नाहीत. "मॅडम, चिमणी मला भेटली फाटकात," ते म्हणाले. "तिला तुम्ही काय सांगितलंत?" तिनं किटली खाली ठेवली. "मी काही नाही सांगितलं. तिला जे आठवलं ते..." "तिला काही आठवत नाही. तिनं स्क्रूला हात लावला नाही. मी लावला, अर्धा." आणि मग ते खाली बसले, टोपी गुडघ्यावर ठेवून, आणि ज्या आवाजात ते पोरांना त्रिकोण समजावत त्याच आवाजात बोलू लागले. "आमच्यात एकटा माणूस यंत्र उचलत नाही. एकजण वाकून कसतो, दुसरा मागून हात घालून तपासतो, आणि खांद्यावर थाप मारतो. थाप पडली की उचलायचं. बोलायचं नाही. रात्री, पावसात, गडबडीत, बोलणं ऐकू जात नाही ना. माझ्या मागे असायचा त्याची थाप अशी जड, खांदा दुखायचा. अठरा वर्षं, मॅडम. मी अर्धाच कसायचो आणि अर्धा त्याच्यावर सोडायचो. असं करायचं नसतं, पण सवय लागते. काल मी वाकलो होतो, अर्धा कसला होता, आणि थाप पडली." त्यांनी गुडघ्यावरची टोपी सरळ केली. "मी उचललं. मागे कोण आहे ते पाहिलंच नाही. तो तर कधीचाच नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी हसत पळत गेलं. "हे सगळं सरांना सांगा," ती म्हणाली. "म्हणजे त्यांना कळेल." "काय कळेल?" ते पहिल्यांदाच जरा वरच्या पट्टीत बोलले. "म्हणतील, बघा, मेलेल्या माणसाची थाप ऐकतो. नकाशांच्या खोलीत बसवा. आणि तुम्ही म्हणता, मी पोरीचं अंगावर घेतलं. सरांकडे गेलो तर आजारी, तुमच्याकडे आलो तर देवमाणूस. एक साधी चूक, मॅडम, पोरं रोज करतात तसली. तीसुद्धा तुम्ही माझ्याजवळ राहू देत नाही." टोपी उचलून ते दारापर्यंत गेले. घाईत कपाळ पाटीच्या टोकाला लागलं. "आणि ही पाटीसुद्धा," ते म्हणाले, आणि गेले.

ती बसून राहिली. हातात काही नव्हतं, तरी हात कप धरल्यासारखा वाकलेला. तिला आई दिसली, पाहुण्यांपुढे, मेकॅनिकच्या पोरांची वयं सांगणारी, चेहरा अभिमानानं तुकतुकीत. आणि दिसलं की दादा उठतो तेव्हा आईकडे बघत नाही. कुणाकडेच बघत नाही. माणूस कौतुकानं लाजतो तेव्हा निदान एकदा तरी चोरून बघतो, कौतुक करणारा थांबला की चालूच आहे हे पाहायला. दादानं कधी चोरून बघितलं नव्हतं. हे तिनं इतकी वर्षं पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं तिला झालं.

प्राचार्यांच्या खोलीत पडदे ओढलेले होते आणि सगळे हळू बोलत होते. सरांनी 'जपणं' हा शब्द पुन्हा वापरला. प्राचार्य म्हणाले, आम्हाला आपला फार आदर आहे. तोफखाने ताठ उभे, नजर समोरच्या भिंतीवर. तेवढ्यात बाहेर बसवलेली चिमणी दार ढकलून आत आली आणि एका दमात म्हणाली, "सर, स्क्रू मी सैल ठेवला होता, माझी चूक आहे." खोलीतल्या दोघांचे चेहरे उजळले. असं उजळणं तिनं पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलं होतं. सुटलो एकदाचे. तोफखान्यांनी मान वळवली. "चिमणे, बस खाली," ते म्हणाले. "तुझी पाळी आली की तू पाड."

प्राचार्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही या मुलीशी बोलला होतात ना?" नुसती मान हलवायची होती. एवढ्यानं त्यांचं मैदान वाचत होतं, पदविका वाचत होती, कुणाचंच नुकसान नव्हतं. एक सुंदर गोष्ट तयार होती, तिला फक्त हो म्हणायचं होतं. "बोलले," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी लागला. "तिनं यंत्राला हात लावलेला नाही. मला तसं हवं होतं म्हणून ती म्हणते आहे. चूक यांची आहे." पंख्याचं एक पातं कुठेतरी घासत होतं. तोफखान्यांचे खांदे किंचित खाली आले. "सर," ती सर्वेक्षणाच्या सरांना म्हणाली, "गेल्या वर्षी एका मुलानं ओळंबा विहिरीत घालवला. त्याला तुम्ही नकाशांच्या खोलीत बसवलंत का?"

"छे! झापला त्याला. चांगला झापला, आणि सगळं प्रात्यक्षिक पुन्हा करायला लावलं."

"मग यांनाही झापा."

सर अवघडले. "अहो, यांना कसं झापू? हे माझ्यापेक्षा मोठे आहेत."

"तुमच्या वर्गात आहेत ना?"

सरांनी प्राचार्यांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. मग घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, आधी चाचरत, "म्हणजे, हे काही बरोबर नाही," असं. आणि मग त्या दगडावर पडलेल्या यंत्राची आठवण होऊन खऱ्याच रागानं: डोळे कुठे होते तुमचे, स्क्रू कसायला काय मुहूर्त लागतो का, अर्धा कसलेला स्क्रू आणि न कसलेला स्क्रू यात मला फरक सांगा बघू, सांगा ना! चिमणीनं वहीमागे तोंड लपवलं. "फरक नाही, सर," तोफखाने म्हणाले. "सोमवारपासून सगळी मोजणी पुन्हा! पहिल्या खुणेपासून! आणि यंत्र उचलायच्या आधी तुमचा स्वतःचा हात स्क्रूवर. दुसऱ्या कुणाचा नाही!" "होय, सर." त्यांचे कान लाल झाले होते. त्या लाल कानांमध्ये तिला प्रथमच मार दिसला नाही. एक माणूस दिसला, ज्याची वस्तू त्याला परत मिळाली होती.

पडदे कुणीतरी उघडले. प्राचार्य म्हणाले, प्रात्यक्षिक नीट झालं तर पुढचं पुढे पाहू. पाहू म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये तोफखाने तिच्या बरोबरीनं थोडे चालले. आभार त्यांनी मानले नाहीत. "पाटी मी उद्या कापून देतो," एवढं म्हणाले.

ती घरी आली तेव्हा उजेड होता. रेडिओ बंद करून ठेवलेला, पण मागचं झाकण अजून टेबलावर. दादानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं त्या तोफवाल्याचं?"

"झापलं त्याला."

"चांगलं?"

"चांगलंच. प्राचार्यांसमोर."

दादा हसला. मोठ्यानं नाही, पण दातांपर्यंत आलेलं, खरं. एवढं हसलेला तिनं त्याला कधी पाहिला होता ते तिला आठवेना. ती त्याच्या समोर बसली. विचारायचे शब्द अगदी साधे होते, घरातलं कुणीही ते कधीही विचारू शकलं असतं; वडील असते तर एका शब्दात विचारते. आई गेली, वडील गेले, कुंडीच्या गोष्टीवर हसणारे सगळे एकेक करून गेले, आणि तो एक शब्द तसाच खुर्चीत बसून राहिला होता.

"दादा," ती म्हणाली, "गाडी तुझ्या हातून गेली का?"

त्यानं रेडिओचं झाकण उचललं, उलटसुलट केलं, परत ठेवलं. 

"हो," तो म्हणाला. "डोळा लागला माझा." आणि मग, तिच्याकडे सरळ बघत: "ब्रेक चांगले होते गं."

तिच्या ओठांवर 'असू दे' आलं, 'तू किती दमला असशील' आलं, 'कुणाच्याही हातून झालं असतं' आलं. मऊ मऊ शब्द, एकेक खळ लावून ठेवलेला. तिनं ते सगळे परत आत घेतले. "त्याचं नाव काय होतं?" तिनं विचारलं. "मागे बसला होता त्याचं."

दादानं नाव सांगितलं. त्या घरात ते नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं, आणि सांगताना त्याचा आवाज कुठेच अडखळला नाही, जणू रोज म्हणत आला होता. तिनं खुर्ची आणखी जवळ ओढली.